तिसरा की पहिला

रिग्गई, कुवेत
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

जयप्रकाश,

नावाच्या आधी काय लिहायचं ते ठरेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. अक्षर तू ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पहिलं पान वाचून फाड. यात भांडण उकरून काढलेलं नाही. मला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे.

प्रसाद नावाच्या एका तरुणाचा मला नाशिकहून फोन आला. तुझ्याकडेही तो येऊन गेला म्हणे आणि तू त्याला चहा पाजून, एक अक्षर न बोलता परत पाठवलंस. त्यांचा जुन्या गाड्यांचा क्लब आहे. आपल्या वेळच्या मॉडिफाइड फियाटच्या शर्यतींवर ते एक पुस्तिका काढताहेत. हा पठ्ठ्या जन्मला आपली शेवटची शर्यत झाल्यावर सहा वर्षांनी, पण बोलतो असा की पिटमध्ये माझ्या शेजारी पाना धरून उभा होता. तुझा गाडी नंबर, तुझं पिवळं हेल्मेट, तू विमानाच्या धावपट्टीच्या टोकाला वळणाचा ड्रम चाटून कसा वळायचास, सगळं त्याला पाठ आहे. मला म्हणाला, "काका, एक्क्याण्णव सालच्या दसऱ्यानंतरच्या शर्यतीत जयप्रकाशकाका शेवटच्या फेरीपर्यंत पहिले होते ना? मग इंजिन गेलं कशानं? जुन्या कात्रणात नुसतं 'चालकाच्या चुकीमुळे' असं आहे. गाडी तुम्ही बांधली होतीत, तुम्हीच लिहा."

मी हो म्हणून बसलो. पाच नोव्हेंबरला पुस्तिका छापायला जाणार आहे. मी जे लिहीन ते तुझ्या फोटोखाली छापलं जाईल आणि आपण दोघं नसलो तरी तिथेच राहील. एवढं कळल्यावर माझं पेन अडलं.

खरं तर महिनाभर डोक्यात हेच चाललं आहे, आणि त्याला कारण मासे आहेत. अर्चनाबरोबर शर्कच्या मासळीबाजारात गेलो होतो. अर्चना म्हणजे माझी बायको. आपलं बोलणं बंद झाल्यावर माझं लग्न झालं, त्यामुळे तू तिला पाहिलेलं नाहीस. पार्किंगमध्ये सत्तरच्या दशकातली एक लांबलचक अमेरिकन गाडी उभी होती. आतली सीटं, दारांची अस्तरं सगळं काढून टाकलेलं, आतून पाइपांचा पिंजरा वेल्ड केलेला. ओळखीचा प्रकार वाटून मी आत डोकं घातलं. मालक माझ्याच वयाचा, पांढऱ्या दिशदाशातला, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातला, कुवेती म्हातारा. रागावण्याऐवजी त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. त्याचं इंग्रजी थोडं, माझं अरबी त्याहून थोडं, पण हेड किती प्लेन केलंय, कार्ब्युरेटरचे जेट कुठल्या मापाचे, हे आम्हाला बोटांनी विचारता आलं. अर्ध्या तासानं अर्चना म्हणाली, "अहो, पापलेटं उन्हात शिजली." तोवर मी नाशकात पोचलो होतो.

आपली फियाट आठवली. मागचं सीट काढून तुझ्या आईनं त्याच्यावर पापड वाळत घातले होते. काचांच्या जागी अ‍ॅक्रिलिक, बॉनेटला कमरेचा पट्टा, स्टिअरिंगचा गिअर काढून खाली बसवलेला दांडा. एका एका किलोसाठी आपण दाराच्या बिजागरांनासुद्धा भोकं पाडत होतो. त्या वेड्यांपैकी किती जण आज आहेत ते प्रसाद मोजतोय. गाडी चालवणाऱ्यांपैकी तू धरून तिघे उरलात.

तर प्रश्न असा. शेवटच्या फेरीत, त्या ड्रमच्या वळणावर तू चौथ्यावरून खाली आलास तेव्हा तिसरा टाकलास की चुकून पहिला पडला? मी तेव्हा पहिलाच म्हणालो होतो; तेवढ्या वेगात पहिला पडला की इंजिन फुटतंच. गाडीच्या मालकांना काय सांगितलं वगैरे तो विषय वेगळा, तो इथे नको. आज मला फक्त कुतूहल आहे, आणि हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे.

ऑफिसातला सलील सुट्टीवर नाशिकला चालला आहे, त्याच्या हाती हे देतो. उत्तर द्यायचं नसेल तर त्यालाही नुसता चहा पाज.

मोरेश्वर


रिग्गई
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

जयप्रकाश,

सलीलला तू चहाबरोबर चिवडाही दिलास, पण पत्र दिलं नाहीस. ठीक आहे. हे कुरियरनं पाठवतोय, कारण परवा घरात एक गोष्ट घडली आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी एक कबुली देतो. त्या फियाटची क्रँक, इंजिनाचा तो कणाच, माझ्याकडे आहे. इंजिन भंगारात घातलं तेव्हा ती तेवढी मी ठेवून घेतली. दोन हजार नऊमध्ये इथे आणली आणि तिचा टेबललॅम्प केला. विमानतळावर कस्टमवाल्यानं बॅगेत ते धूड बघून विचारलं, "शिनू हादा?" हे काय आहे. "लॅम्प," म्हटलं. त्याला पटलं नाही, पण मागे रांग मोठी होती. सोळा वर्षं ती आमच्या हॉलमध्ये डोक्यावर शेड घेऊन उभी आहे. का ठेवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

परवा खंडेनवमी होती. इथे आमच्या फ्लॅटमध्ये शस्त्रं म्हणजे माझी पान्यांची पेटी, दोन लॅपटॉप आणि अर्चनाचा मिक्सर. ती म्हणाली, "तुमचा लॅम्पही ठेवा, तेच खरं तुमचं हत्यार." शेड काढून क्रँक पाटावर आडवी ठेवली. अर्चनानं हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा, पिस्टनचा रॉड जिथे बसतो त्या पिनेवरून घरंगळला आणि तेलाच्या भोकात गेला.

अर्चनाच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र आरतीचं तबक हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

तुला ती एक्क्याण्णवची खंडेनवमी आठवते का? मला आठवते, आणि नको इतकी आठवते. इंजिन अर्धं बांधून झालं होतं. ब्लॉक स्टँडवर उलटा, क्रँक बसवलेली, चारही पिना उघड्या. दुसऱ्या दिवशी दसरा म्हणून हत्यारांना हात लावायचा नाही, म्हणून काम तिथेच थांबवलं. पूजा मी केली. हार घातला, नारळ फोडला, आणि मूठभर ओल्या अक्षता उडवल्या. तू म्हणालास, "मोऱ्या, आधी फडकं टाक रे त्याच्यावर." मी हसलो आणि म्हणालो, "देवाला झाकून पूजा करतात का?" दसऱ्यानंतरच्या सकाळी मी ब्रशनं वरवर झटकलं आणि रॉड बसवून टाकले.

परवा पूजा आटोपल्यावर मी हेच करत बसलो. अर्चनाची केसांची पिन सरळ करून एकेका भोकात घातली. एक नंबरच्या भोकातून परवाचा दाणा बाहेर आला. दोन आणि चार साफ. तीन नंबरच्या भोकात केसांची पिन बोटभर गेली आणि थांबली. आत काहीतरी घट्ट बसलेलं आहे. आणि रॉड कुठला तुटला होता ते तुला सांगायला नको.

मला धास्ती वाटते आहे, पण खोटं कशाला सांगू, तिच्याखाली ती जुनी खाजही आहे, एखादं बंद पडलेलं इंजिन उघडताना व्हायची ती. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. रविवारी ते खरवडून काढतो आणि मीना अब्दुल्ला भागातल्या आमच्या साइटच्या लॅबमध्ये देतो.

मोरेश्वर


रिग्गई
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

जयप्रकाश,

लॅबमध्ये ताहिरा नावाची हैदराबादची मुलगी आहे. दिवसभर तेलाचे नमुने तपासते. तिला मी हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा खडा दिला आणि कुठला आहे ते सांगितलं नाही. तिनं तो ब्लेडनं कापला, आयोडीनचा थेंब टाकला, मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ पाहिलं.

"अंकल, ये तो चावल है," ती म्हणाली. "बाहर से जल गया, अंदर का दाना अभी भी दिख रहा है. तीन-चार दाने चिपके हुए हैं. और ये लाल क्या है?"

"कुंकू," मी म्हटलं.

"इंजन में चावल कौन डालता है?"

"मैंने डाला," मी म्हटलं. चौतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा बोललो, आणि तेही ज्या मुलीला तुझं नावसुद्धा माहीत नाही तिच्यापुढे.

कसं झालं असेल ते आता मला सगळं दिसतंय. दाणे भोकात पडले आणि तेलाच्या दाबानं बेअरिंगला जाऊन चिकटले. सराव झाला, हीटची प्राथमिक शर्यत झाली, तोवर फटीतून थोडं थोडं तेल जात होतं. मग कुंकवाचा आणि पिठाचा लगदा घट्ट बसला. तीन नंबरची पिन कोरडी पडली, तापली, आणि शेवटच्या फेरीत रॉड तुटला. तू गिअर बदललास त्याच क्षणी तुटला हा निव्वळ योगायोग. तू चौथ्यातच राहिला असतास तर शंभर मीटर पुढे तुटला असता, इतकंच.

आता जे पहिल्या पत्रात 'वेगळा विषय' म्हणून टाळलं ते. तुला ते ठाऊक आहे, तरी मला माझ्या हातानं लिहिलं पाहिजे.

शर्यतीच्या संध्याकाळी मी इंजिन खोललं तेव्हा तीन नंबरची पिन निळी पडलेली होती. गिअर चुकून रॉड तुटला तर पिन निळी पडत नाही. तेल पोचलं नाही तर पडते. हे मला तेव्हाही येत होतं, पहिल्या वर्षाला शिकवतात. भोकात तार घातली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. मी, जो शेजाऱ्याचं बंद घड्याळ दिसलं तरी उघडायला मागतो, त्या मी तार घातली नाही. आत काय निघेल याची मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पैसे लावणाऱ्या ऑइलवाल्या मालकांनी लेखी मागितलं आणि मी दोन ओळी लिहून दिल्या: चालकानं चौथ्यावरून चुकून पहिला गिअर टाकला, त्यामुळे इंजिन फुटलं. पुढच्या मोसमात ते तुला मद्रासच्या ट्रॅकवर उतरवणार होते. ती गाडी दुसऱ्याला मिळाली. मला त्यांनी आणखी दोन वर्षं ठेवलं.

तू माझ्याशी बोलणं सोडलंस. मी मनाशी म्हणत राहिलो, रागावलाय, रागावण्यासारखंच आहे, एक दिवस येऊन थोबाडीत मारेल आणि मग बोलू. तू आला नाहीस. मग माझं इथलं काम लागलं आणि ते सोयीचंच झालं.

प्रसादला मजकूर आज पाठवला. त्यात लिहिलं आहे की इंजिन मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे गेलं, चालकाची कसलीही चूक नव्हती, आणि चालकानं मेकॅनिकला आधी बजावलं होतं. खाली माझं पूर्ण नाव आहे. तुझी परवानगी मागत नाही, कारण चूक तुझी नाही, ती जाहीर करायला तुझी सही कशाला लागावी. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. पण मला फार वाईट वाटतंय जयप्रकाश, आणि ते तुला कळावं असं वाटतं.

गिअर कुठला पडला ते आता सांगायची गरज नाही. तिसराच होता.

मोरेश्वर


नाशिक
२४ ऑक्टोबर २०२५

मोरेश्वर,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. दिवाळी होऊ दिली आणि लिहायला बसलो.

तिसरा की पहिला, ते मला माहीत नाही. गाडीतून उतरलो तेव्हा माहीत होतं. तिसरा टाकला याची शंभर टक्के खात्री होती. दोन दिवसांनी मालकांनी तुझा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात पहिला लिहिलं होतं. मी तुझ्यावर रागावलो नाही. तू लोकांना काहीही थापा मारायचास, पण इंजिनाबद्दल कधी खोटं बोलला नव्हतास. मग तूच बरोबर असणार असं मी धरलं. महिन्याभरात मला पहिलाच आठवायला लागला. आजही डोळे मिटले की दांडा डावीकडे, पहिल्यात गेल्याचं हाताला जाणवतं. तुझ्याशी बोललो नाही ते शरमेनं. तू रात्रंदिवस खपून बांधलेलं इंजिन मी फोडलं, तुला कुठल्या तोंडानं भेटू.

त्यानंतर मी कुठलीच गाडी चालवली नाही. सायकलवर दुकानात जातो. लोकांना वाटतं, व्यायामाची आवड आहे.

माझं जाऊ दे. मला एक मुलगी आहे, मुक्ता. अठ्ठावीस वर्षांची. अठराव्या वर्षापासून गाडी शिकायची म्हणून मागे लागली आहे. मी शिकू दिलं नाही. ट्रॅफिक वाईट आहे म्हणायचो. खरं कारण असं की माझा हात तिला आला असेल याची भीती वाटायची. ऐन वेळी चुकणारा हात. सिन्नरला तिला चांगली नोकरी लागली होती. जायला-यायला गाडी हवी होती, ती घ्यायला कंपनी मदत करणार होती. मी दोन दिवस जेवलो नाही, म्हणून तिनं ती सोडली. त्यावरून ती माझ्याशी नीट बोलत नाही, याला तीन वर्षं झाली. एका घरात राहतो.

पुस्तिका शंभर-दीडशे लोक वाचतील. तू छापायला दिलंस ते ठीक केलंस. पण मुक्ताला तू स्वतः लिही. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा आता स्वतःला सोडवून घेतोय.

तुझं वाचून दोन दिवस फार राग आला. चौतीस वर्षांचा एकदम आला. आता थोडा कमी आहे, पण आहे. तो असू दे.

जयप्रकाश


रिग्गई, कुवेत
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

चि. मुक्ता,

तू मला ओळखत नाहीस. मी मोरेश्वर, तुझ्या बाबांचा जुना मित्र. ते शर्यतीत फियाट चालवायचे तेव्हा ती गाडी मी बांधायचो. तुझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी त्यांच्या शेवटच्या शर्यतीत इंजिन फुटलं. ते जिंकत होते. इंजिन माझ्या चुकीनं फुटलं, आणि मी लेखी दिलं की त्यांच्या चुकीनं फुटलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कशी चूक झाली ते सोबतच्या तीन पत्रांच्या प्रतींत सविस्तर आहे, लॅबचा कागदही जोडला आहे. सगळं वाच आणि मनात येईल ते मला बोल. माझा फोन नंबर पाकिटावर आहे.

त्यांनी तुला गाडी का शिकू दिली नाही, ते त्यांनी मला लिहिलं आहे. ट्रॅफिक हे कारण नव्हतं. त्यांना वाटत होतं की त्यांचा हात ऐन वेळी चुकतो आणि तसाच हात तुला आला असेल. हे त्यांच्या मनात माझ्या दोन ओळींनी घातलं. तुझी सिन्नरची नोकरी गेली तीही त्यामुळेच. ती मला परत देता येणार नाही, आणि त्याबद्दल तुझा माझ्यावर राग असायला मी हरकत घेणार नाही.

आता त्यांच्या हाताबद्दल, कारण तो पाहिलेली माणसं फार उरलेली नाहीत. सरावात मी त्यांच्या शेजारी उघड्या पत्र्यावर बसायचो. सायलेन्सर काढलेला, आवाजानं दात हलायचे. त्यातही तुझे बाबा गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून सांगायचे, "दोन नंबरचा प्लग मारत नाहीये." मी उतरून बघायचो आणि खरोखरच दोन नंबरचा प्लग काळा असायचा. एकदा नाही, निदान आठ-दहा वेळा पाहिलंय मी. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर मागची चाकं सरकली की बाकीचे स्टिअरिंगशी झटापट करायचे. हे दोन बोटांनी गाडी सरळ करायचे आणि मला विचारायचे, "डबा आणलायस का?" त्या हाताकडून गिअर चुकला, हे मला लिहिताना क्षणभरही खरं वाटलं नव्हतं. तरी मी लिहिलं.

तो हात तुला आला असेल तर तू नशीबवान आहेस. तेव्हा आता गाडी शीक, मुक्ता. क्लासला जाऊ नकोस. प्रसाद म्हणून एक जण आहे, तो त्याची गाडी आनंदानं देईल, मी त्याच्याशी बोललो आहे. बाबांना शेजारी बसव. ते नको म्हणतील, तू ऐकू नकोस. पहिले काही दिवस तुझ्यापेक्षा तेच जास्त घाबरतील. त्यांना सांभाळून घे, आणि एखादा रिकामा रस्ता बघून चावी त्यांच्या हातात दे.

मोरेश्वरकाका